काढलेली थिगळे

बसथांब्यावरच्या बाकावर बसलेल्या एका बाईने उजव्या पायातला बूट काढला आणि पाऊल डाव्या पोटरीवर घासले, एवढेच घडले होते. भर दुपारी दमलेली माणसे असे करतातच. जरा वेळ पाय मोकळे करतात आणि बस दिसली की पुन्हा बुटात कोंबतात. पण त्याची नजर तिच्या पावलावर गेली ती तिथेच अडकून पडली. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर, बोटांच्या मुळांपासून चार बोटे मागे, एक आडवी लाल रेघ उमटली होती. कुणी तापलेली तार टेकवून उचलावी तशी. मधोमध कातडी सोलवटली होती आणि तिथे लावलेली चिकटपट्टी घामाने सुटून एका बाजूने लोंबत होती. ती रेघ नेमकी कुठे असणार हे त्याला पाऊल न बघता, नुसता बूट बघूनही सांगता आले असते. बूट मातकट रंगाचा होता, टाचेपाशी किंचित आत वळलेला. ते वळण त्याचे होते; म्हणजे आधी त्याच्या वडिलांचे, मग त्याचे. शंभर बुटांच्या ढिगात डोळे मिटून हात घातला असता तरी त्याच्या अंगठ्याने ते वळण हुडकून काढले असते.

"काय हो, काय बघताय एवढं?" बाईने विचारले.

तो गडबडला. माणसांकडे सरळ बघण्याची त्याला सवय नव्हती. बघायचाच तर तो खाली बघत असे, आणि खाली बघणाऱ्याला लोकांचे पाय दिसतात. "नाही... बूट. घट्ट होतोय का?"

"होतोय का म्हणे!" ती हसली. "दीड महिना झाला घेऊन. दुकानदार म्हणाला, वापरून वापरून सैल होतील. मी सैल झाले, बूट आहेत तस्से."

"दिवसभर उभं राहायचं काम असेल."

"औषधांच्या दुकानात. बसायला मिळतं ते इथं, बस येईपर्यंत." तिने बूट उलटा करून उगीच झटकला. "सकाळी चांगले बसतात बघा. दुपार झाली की चावायला लागतात. पण बुटाला नावं ठेवून काय उपयोग? एवढ्या मोठ्या कंपनीचा बूट तो. माझाच पाय मेला बेढब. आई म्हणायचीच, हिचा पाय म्हणजे फताडा."

बस आली. तिने दात आवळून पाऊल आत सरकवले, आणि एक पाय जपत, लंगडीसारखी, पायऱ्या चढून ती गेली. पाय तुमचा बरोबर आहे, हे चार शब्द त्याच्या ओठांशी येऊन उभे होते. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते तसेच उभे होते. मग त्यांचा राग झाला. चावणाऱ्या बुटाने एक वेळ माणसाला चावावे. पण चावून वर त्याला स्वतःच्या पायाची लाज वाटायला लावावी, हा कुठला न्याय? आणि हा राग कुणावर काढायचा याचा विचार करता करता तो शेवटी जिथे जाऊन पोचला तिथे तो स्वतःच उभा होता, हातात चिमटा घेऊन. त्याने घड्याळ पाहिले. चार वाजता कारखान्यात बैठक होती. एरवी नमुना विभागातल्या कलबूतवाल्याला बैठकीला कोण बोलावतो? पण आज साहेबांनी स्वतः निरोप पाठवला होता: समुद्रापलीकडच्या कारखान्याशी पडद्यावर बोलायचे आहे, तज्ज्ञ म्हणून तुम्ही हवेत.

तो चालत निघाला. कारखाना तिथून तीन गल्ल्या पुढे, आणि हे बूट ज्या दुकानाच्या काचेमागे मांडलेले असतात ते दुकान त्या तीन गल्ल्यांच्या मधोमध. पूर्वी बूट कारखान्याच्या मागच्या दाराने निघून हातगाडीवरून त्या दुकानात जायचे, वाटेत एक चौक लागायचा. आता चामडे एका देशात कमावले जाई, तळवा दुसऱ्या देशात ओतला जाई, शिवण तिसऱ्या देशात पडे, खोका चौथ्या देशात छापला जाई, आणि एवढे समुद्र ओलांडून बूट पुन्हा त्याच काचेमागे येऊन बसे. जो घालणार त्याने जन्मात कधी गावाची वेस ओलांडली नसेल, पण त्याच्या पायातले जोडे मात्र जग फिरून आलेले. याला स्वस्ताई म्हणतात असे साहेबांनी एका सभेत समजावून सांगितले होते. त्यांना सगळे आलेखसाहेब म्हणत, कारण ते भिंतीवर आलेख पाडल्याखेरीज तोंड उघडत नसत. आलेखातली रेषा वर गेली की माणसे कमी व्हायची, आणि रेषा खाली आली तरी माणसे कमीच व्हायची. आधी तळव्यांचा विभाग गेला, मग कटाईचा, मग शिलाईचा. दर वेळी उरलेल्यांना सांगण्यात आले की आता तुम्ही सुरक्षित आहात, आणि दर वेळी उरलेल्यांनी गेलेल्यांकडे पाहणे टाळले. दोनशे यंत्रांच्या दालनात आता अकरा माणसांचा नमुना विभाग एका कोपऱ्यात बसे. बोलले की आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. म्हणून ते हळू बोलत. आणि तो तर बोलतच नसे.

त्याचे काम कलबुते घडवण्याचे. कलबूत म्हणजे लाकडाचे पाऊल. त्याच्यावर चामडे ताणून बूट बांधायचा आणि बूट तयार झाला की ते आतून ओढून काढायचे. बूट विकला जातो, कलबूत मागे राहते. वडील म्हणायचे, आपण पोकळी घडवतो रे, चामडं फक्त तिच्याभोवती गुंडाळतात. वडिलांच्या तरुणपणी मुख्य कचेरीकडून मापांचा एक नकाशा आला होता. कुठल्या तरी थंड प्रयोगशाळेत, सकाळच्या वेळी, खुर्चीवर बसलेल्या माणसांच्या पायांची मापे घेऊन तो काढला होता. वडिलांनी पहिला नमुना बांधला, शिलाई विभागातल्या बायकांना घालायला दिला आणि दुपारी त्यांचे पाय पाहिले. उभ्याने राबणारे पाऊल दुपारपर्यंत फुगते. त्याचा उंचवटा वर येतो. वडिलांनी कचेरीला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्याचे उत्तर आले: नकाशात बदल होणार नाही. वडिलांनी उत्तराची घडी घालून ते खिशात ठेवले, चामड्याचा एक जाड तुकडा घेतला, रापीने त्याच्या कडा तासून तासून कांद्याच्या पापुद्र्याइतक्या बारीक केल्या आणि तो कलबुताच्या उंचवट्यावर चार खिळ्यांनी ठोकला. खालचे लाकूड नकाशाबरहुकूम. वरून हे थिगळ. तपासनीस आला की मापायचा ते थिगळाबाहेरचे लाकूड. बूट बांधला जायचा तो थिगळावर. तीस वर्षे कंपनी आपल्या अचूक मापांची जाहिरात करत राहिली आणि तीस वर्षे लोकांचे पाय त्या थिगळामुळे शाबूत राहिले. दोन्ही पक्ष समाधानी होते. कुठेही कसलीही नोंद नव्हती. वडिलांची नजर मंदावल्यावर रापी त्याच्या हाती आली. पहिल्या थिगळाची कड त्यांनी अंगठ्याने चाचपली, पुन्हा चाचपली, आणि म्हणाले, "अंगठा कुठं चढला ते कळता कामा नये. कळलं की पायालाही कळणार."

मागल्या वर्षी ती थिगळांची चौदा जोड मूळ कलबुते यंत्राने मापून पलीकडच्या कारखान्यात पाठवायचे ठरले. म्हणजे लाकडे नव्हे, नुसती त्यांची मापे. तिकडे त्यांच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या प्रती निघणार होत्या. आलेखसाहेब टेबलाशी आले, एक कलबूत त्यांनी शेंडीला धरावे तसे दोन बोटांत उचलले आणि म्हणाले, "हे काय? हे ठिगळबिगळ काढून टाका सगळं. स्वच्छ करून द्या. यंत्राला असलं चालत नाही." त्याने तोंड उघडले. पहिला शब्द तयार होता. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला, आणि ते बोलत बोलत दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेले, आणि त्याने तोंड मिटले. पुढचे दोन दिवस तो चिमट्याने खिळे उपसत होता. अठ्ठावीस कलबुते, एकशे बारा खिळे. भोके त्याने लाकडाचा भुसा आणि सरस यांनी बुजवली, वर कानस फिरवली, तेलाचा हात दिला. इतके सफाईदार काम की स्वतः त्यालाही भोके दिसेनात. हे आपण का केले? साहेबांच्या भीतीने, हे खरे. बोलायची लाज, हेही खरे. पण त्या दोन दिवसांत हातांना एक निराळाच उत्साह होता, आणि तो कशाचा हे त्याला तेव्हाही पुरते ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटे ठरले असते. न्या, सगळे न्या. मापे न्या, नाव न्या, नकाशा न्या. जे नकाशात नाही ते कसे नेता ते बघू.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. परत आलेल्या बुटांचे खोके मागच्या दारात रचले जाऊ लागले तेव्हा त्याच्या छातीत कुठेतरी खोल एक गोड कळ उठली होती. जेवताना त्याने वडिलांना सांगितले, बूट परत येतायत म्हणून. म्हातारा ठसका लागेपर्यंत हसला. "थिगळ काढलं असेल कुठल्यातरी गाढवाने!" त्याने ताटातून मान वर केली नाही. "असेल," तो म्हणाला, आणि घास गिळला. त्या दिवसापासून तो आपल्या गप्प बसण्याला सूड म्हणू लागला होता. शब्द बरा होता, ताठ कण्याचा होता, भेकडपणापेक्षा कितीतरी देखणा. फक्त त्या सुडात कुणाचे पाऊल सोलवटले जात असेल याचा त्याने विचार केला नव्हता. सूड आलेखावर उगवला जाईल असे त्याला वाटले होते. तो उगवला औषधांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या एका फताड्या पायावर.

दालनाच्या दारातच मावशी उभी होती. शिलाई विभागातली ती शेवटची. सगळ्या कारखान्याची मावशी. "आलास का मुक्या?" तिने त्याचा दंड धरला. "ऐक. आत गेलास की थिगळांचं सगळं एकदम ओकू नकोस. थोडं थोडं सोड. आज म्हणायचं, टाचेत असेल. पुढच्या महिन्यात म्हणायचं, चामड्यात असेल."

"मावशी, लोकांचे पाय सोलतायत."

"माझी बोटं सोलली तेव्हा कोण आलं होतं फुंकर घालायला?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "हे बघ. जोवर त्यांना कळत नाही तोवर त्यांना आपण लागतो. कळलं की आपण कोण? माझ्या सुनेला दिवस गेलेत. जावयाचं काम कधीच सुटलंय. तू एकटा जीव आहेस, तुझं तत्त्व तुला परवडतं."

"एकटा कुठे? बाबा आहेत."

"मग बाबांसाठी तरी गप्प बस. तसाही तू बोलतोस कुठे!" ती हसली, आणि तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली, मुलाला शाळेत पाठवताना करतात तशी. मावशीचे काही चुकत नव्हते, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. एवढ्या मोठ्या दालनात चूक कुणाचीच नव्हती. जो तो आपापल्या परीने बरोबर होता, आणि तरी सगळ्यांचे मिळून जे होत होते त्याच्यासारखे नीच दुसरे काही नव्हते.

बैठकीची खोली पूर्वी चामड्याचे कोठार होती. भिंतींना पांढरा रंग दिला होता, कोपऱ्यात सुगंधाचे यंत्र फुसफुसत होते, तरी दार लावले की जुन्या चामड्याचा वास हळूच बाहेर येई आणि साहेब नाक आक्रसत. पडद्यावर तीन चौकोन होते. एका चौकोनात साहेब आणि तो. दुसऱ्यात पलीकडचा कारखाना: मागे न संपणारी रांग, वाकलेली डोकी, आणि पुढे टेबलाशी एक गुळगुळीत दाढी केलेला अधिकारी आणि निळा एप्रन घातलेली एक बाई. तिसऱ्या चौकोनात कानाला यंत्र लावलेली दुभाषी मुलगी. ती तिसऱ्याच देशात आपल्या घरी बसली होती, तिच्यामागे वाळत घातलेले कपडे दिसत होते. साहेबांनी परत आलेल्या बुटांचा आलेख दाखवला. मग ते म्हणाले, "हे आमचे तज्ज्ञ," आणि त्याच्याकडे हात केला. त्याने खाली पाहिले. खाली पाय नव्हते, टेबलाची काच होती.

तिकडच्या अधिकाऱ्याने काही सांगितले आणि बाईने एक पांढरे कलबूत उचलून पडद्याजवळ आणले. त्या कलबुताकडे पाहण्याआधी त्याने तिचा अंगठा पाहिला. नखाच्या आतल्या बाजूला पिवळसर घट्टा, आणि अंगठ्याचे पेर किंचित बाहेर झुकलेले. जन्मभर चामडे ओढणाऱ्याचाच अंगठा असा होतो. वडिलांचा तसा होता. मग त्याने कलबूत पाहिले, आणि तो पडद्याकडे वाकला. पांढऱ्या उंचवट्यावर चार बारीक खळगे होते. मोहरीच्या दाण्याएवढे, चार कोपऱ्यांना चार. त्याने बुजवलेली भोके! भुसा सुकून केसभर खाली बसला असणार. त्याच्या डोळ्यांना दिसले नव्हते, अंगठ्याला कळले नव्हते, पण यंत्राने सगळे इमानेइतबारे टिपले होते. ते कशाचे खळगे हे मात्र यंत्राला कुणी सांगितले नव्हते, आणि यंत्राने विचारलेही नव्हते. म्हणून समुद्रापलीकडे हजारो पांढऱ्या पावलांवर त्याच्या लबाडीचे चार चार ठिपके उमटून बसले होते.

बाई बोलू लागली. अधिकाऱ्याने तिला मध्येच तोडले. ती थांबली नाही. दुभाषी घाईघाईने म्हणाली, "त्या विचारतायत... या चार खुणांच्या मध्ये काय बसवलेलं होतं?"

"कसल्या खुणा?" साहेब म्हणाले. बाईने एप्रनच्या खिशात हात घातला आणि चामड्याचा एक तुकडा काढला. कडेला बारीक होत गेलेला, मध्ये जाड. तिने तो चार खळग्यांच्या मध्ये ठेवला. तुकडा बसला. तिने त्याच्यावरून अंगठा फिरवला, खालून वर, मग पुन्हा, आणि तिसऱ्यांदा फिरवताना डोळे मिटले.

"त्या म्हणतात," दुभाषी सांगत होती, आणि तिचा आवाज मघापेक्षा सावकाश झाला होता, "हे त्यांनी स्वतः बनवलं. पहिल्याच महिन्यात. आमच्या रांगेतल्या मुलींना बूट घालून बघायला दिले, दुपारी पाय लाल झाले. मग खुणा दिसल्या. वाटलं, इथं कुणीतरी काहीतरी ठोकलेलं होतं, ते उगीच ठोकलं नसणार. तुकडा बसवल्यावर बूट चावेनात. पण तपासनिसांनी काढायला लावलं, नकाशात नाही म्हणून. त्यांना रांगेच्या मुख्य कामावरून उतरवलं. आता त्या खोके दुमडायला आहेत. त्या विचारतात, मी बरोबर होते का?"

मागल्या वर्षापासून त्याने जे पोटात दाबून ठेवले होते, ज्याच्यावर मावशीची सून आणि जावई आणि अकरा घरे तरंगत आहेत असे ते दोघे मानत होते, ते या बाईने चार ठिपक्यांवरून वाचून काढले होते, आणि वाचल्याबद्दल खोके दुमडत होती. कुणी तिला विचारले नव्हते. त्यालाही कुणी विचारले नव्हते. वडिलांच्या तीन पत्रांपासून आजपर्यंत या धंद्यात एकदाही, एकाही साहेबाने, ज्याचा अंगठा आहे त्याला विचारले नव्हते. माल जगभर जातो, मापे जगभर जातात, आलेख क्षणात जगभर जातात. फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलापर्यंत शब्द जाऊ शकत नाही!

"बरोबर होता," तो म्हणाला. आवाज चिरकला. त्याने पुन्हा म्हटले, "तुम्ही बरोबर होता. बोटांकडची कड अजून थोडी तासा. अंगठा कुठं चढला ते कळता कामा नये." दुभाषीने बोलायला सुरुवात करण्याआधीच बाईने मान हलवली. त्याने हवेत अंगठा फिरवून दाखवला होता, आणि तेवढे तिला पुरले होते. ती काही म्हणाली. दुभाषी हसली. "त्या म्हणतात, एवढ्या चांगल्या खिळ्यांची भोकं बुजवली कुणी?" उत्तर द्यायला त्याने तोंड उघडले, पण साहेबांनी टाळी वाजवली. "उत्तम! प्रश्न सुटला. सगळ्यांचे आभार." आणि चौकोन विझले.

मग साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. ते खुशीत होते. त्यांनी त्याच्यासमोर एक छापील कागद ठेवला. बैठकीआधीच छापलेला. परत आलेल्या मालाचे कारण: उत्पादनस्थळी कर्मचाऱ्यांकडून साच्यांची अनधिकृत हाताळणी. खाली रेघ, रेघेखाली तज्ज्ञ. "सही करा इथं. आणि तिनेच कबूल केलं, ते तर फारच बरं झालं."

"पण तिने दुरुस्त केलं होतं," तो म्हणाला. "तिचं काढल्यावर बूट बिघडले."

"हो, हो. ते आपल्याला कळलं. पुढच्या ठिकाणी आपण ते नकाशातच घालू."

"पुढच्या ठिकाणी?"

साहेबांनी आवाज उतरवला, विश्वासात घेतल्यासारखा. तिकडची मजुरी वाढत चालली होती. अजून पलीकडे एक देश तयार होता. पण आपणहून करार मोडला तर भरपाई द्यावी लागते, आणि दोष त्यांचा निघाला तर नाही लागत. "तुम्ही कामाची माणसं आहात, तुम्हाला यातलं कळायची गरज नाही. एवढं लक्षात ठेवा, की ही सही झाली तर नमुना विभाग आणखी एक वर्ष चालेल. अकराही जण. मी वरून शब्द घेतलाय."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला तज्ज्ञ म्हटले गेले होते, ते कुणाकडे तरी दाखवायला एक बोट हवे होते म्हणून. त्याने खोलीच्या काचेच्या दारातून बाहेर पाहिले. मावशी उभी होती, भुवया उंचावून. काय झाले, असे विचारत. तिच्यामागे बाकीचे. एक वर्ष. त्या वर्षात मावशीचे नातवंड जन्मेल, रांगू लागेल. आणि तिकडची ती न संपणारी रांग एका सकाळी संपेल. तिथल्या दालनातही मग आवाज भिंतींवर आपटून परत येऊ लागेल, आणि तिथे कोपऱ्यात उरलेल्या दहा-अकरा जणांपुढे कुणीतरी असाच एक कागद ठेवील, आणखी पलीकडच्या कुणावर तरी बोट ठेवायला. मग पलीकडच्या पलीकडे. पृथ्वी गोल आहे हे त्याने शाळेत पाठ केले होते. ती इतक्या हलकटपणासाठी गोल असेल असे तेव्हा वाटले नव्हते. फिरत फिरत हा कागद एक दिवस पुन्हा याच टेबलावर येणार होता, आणि तेव्हा त्यावर दोषी म्हणून त्याचे वर्णन असणार होते. किंवा तो येणारही नव्हता. तो आला नाही तरी आज जे समोर होते ते तेवढेच घाण होते.

त्याने पेन उचलले. दाराबाहेर मावशीने ते पाहिले. तिने सुटकेचा श्वास सोडल्याचे तिच्या खांद्यांवरून दिसले, आणि मागे वळून तिने बाकीच्यांना हात केला, होतंय म्हणून. ते त्याने पाहिले. मग त्याने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर, वरच्या कोपऱ्यापासून, लिहायला सुरुवात केली. *ही थिगळे मी काढली.* एवढे लिहून झाल्यावर पुढचे सोपे गेले. कुणाच्या हुकमाने काढली ते लिहिले. तारीख लिहिली. ती कशासाठी होती, कुणी प्रथम लावली, त्या माणसाच्या तीन पत्रांचे काय झाले ते लिहिले. मला ठाऊक असून मी सांगितले नाही, आधी भीतीने आणि नंतर आनंदाने, हेही लिहिले. आनंद हा शब्द त्याने पुन्हा एकदा वाचला, पण खोडला नाही.

"काय करताय काय?" साहेब वाकून वाचू लागले. "अहो, हे... हे कुणी मागितलं होतं का?"

"त्यांचं नाव काय?"

"कुणाचं?"

"त्या बाईंचं. बूट ज्यांनी सुधारला."

साहेबांना ठाऊक नव्हते. ते विचारण्याचे कारणही त्यांना कळले नाही. त्याने नावापुरती जागा मोकळी सोडली आणि पुढे लिहीत गेला. साहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "बाहेरच्या दहा जणांचा विचार केलात? त्यांना काय सांगणार आहात तुम्ही? आणि हे वाचणार कोण? हा कागद मी वर पाठवीन असं वाटतं तुम्हाला?"

"नका पाठवू. याची एक प्रत मी तिकडे पाठवणार आहे. दुभाषीबाईंमार्फत." आपण हे मोठ्याने बोललो हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा वाक्य संपले होते. दहा जणांना काय सांगणार ते मात्र त्याला ठाऊक नव्हते. मावशी शिव्या घालील. त्यातली एकही चुकीची नसेल, आणि त्या ऐकून घेताना तिच्यासमोर उभे राहावे लागेल, खाली न बघता. बाहेर ती अजून काचेशी होती. एका सहीला एवढा वेळ का लागतो, हे न समजून तिने कपाळ काचेला टेकवले होते.

कागद भरत आला. शेवटच्या ओळी त्याने समासात, उभ्या चढवल्या, तरी सांगायचे उरलेच. दुपारी पाय फुगतात हे लिहायचे होते, आणि ज्यांचे फुगतात त्यांचे पाय बेढब नसतात हेही. त्याने मान वर न करता साहेबांपुढे हात पसरला.

"अजून एक कागद द्या," तो म्हणाला.